चोरीला गेलेली विहीर

मित्रांनो, हॉस्टेलवर राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, जगातली सर्वात अवघड गोष्ट कोणती? एम-थ्री? व्हायवा? सकाळी साडेसहाला गरम पाणी मिळवणं? छे! सर्वात अवघड गोष्ट म्हणजे शनिवारी रात्री चाळीस पोरांचं एका पिक्चरवर एकमत करणं!

त्या शनिवारीही तेच चाललं होतं. कॉमन रूममध्ये गाद्या टाकलेल्या, डिपार्टमेंटकडून "टेक्निकल इव्हेंट"च्या नावाखाली आणलेला प्रोजेक्टर भिंतीवर निळा उजेड पाडतोय, आणि मेकॅनिकलवाले मारामारीच्या तर कॉम्प्युटरवाले इंग्रजी पिक्चरच्या बाजूने घसा फोडतायत. शेवटी दारात काठी टेकून उभे असलेले आमचे वॉचमन काका म्हणाले, "पोरांनो, मकरंद अनासपुऱ्याचा एखादा लावा की. तेवढंच आमच्या भाषेतलं बोलनं ऐकू."

काकांना नाही कोण म्हणणार? रात्री साडेअकरानंतर गेट उघडणं त्यांच्याच हातात असतं! एकमत झालं. पिक्चर लागला 'जाऊ तिथे खाऊ'. २००७ सालचा, म्हणजे आम्ही पाळण्यात होतो तेव्हाचा. पण घरी टीव्हीवर आई-बाबांसोबत कितीतरी वेळा पाहिलेला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो. एक साधा माणूस तक्रार करतो, की माझी विहीर चोरीला गेली. सायकल नाही, बैल नाही, विहीर! कागदावर विहीर खणलेली आहे, बिल निघालेलं आहे, पैसे खाल्लेले आहेत. जमिनीवर मात्र काहीच नाही. मग ती चोरीलाच गेली असणार की! सरकारने एकतर चोर शोधावा, नाहीतर विहीर झालीच नव्हती हे कबूल करावं. हसून हसून आमची पोटं दुखली. सगळ्यात मोठ्याने हसत होते वॉचमन काका.

पिक्चर संपल्यावर माझ्या पार्टनरने (हा डोंबिवलीचा, कॉम्प्युटर ब्रँच, विहीर प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही) वाद काढला. "अरे यार, हा तर 'वेल डन अब्बा'वरून ढापलाय!" मी म्हटलं, "येड्या, तो नंतर आलाय." यावर दोन तास भांडण. नेटवर शोधल्यावर कळलं ते मजेशीर होतं. श्याम बेनेगल यांचा 'वेल डन अब्बा' थिएटरात आला २०१० साली. पण त्याची मुळं त्याहून जुनी, हैदराबादच्या उर्दू लेखिका जीलानी बानो यांच्या एका विहिरीवरच्या कथेत. म्हणजे कोणी कोणाचं ढापलं हा वाद राहिला बाजूला, विहीर उर्दूत चोरीला गेली, मराठीत गेली, हिंदीत गेली. भाषा कुठलीही घ्या, विहीर काही जागेवर राहत नाही!

पुढच्या शनिवारी 'वेल डन अब्बा' लावला. मुंबईत ड्रायव्हरकी करणारा अरमान अली (बोमन इराणी) रजा घेऊन गावी जातो आणि महिनोन् महिने येतच नाही. आल्यावर साहेबाला उशिराचं कारण सांगतो, तीच पिक्चरची गोष्ट. कोरडवाहू शेतात सरकारी योजनेतून विहीर घ्यायची, त्यासाठी दाखले, दाखल्यांसाठी पैसे, आणि शेवटी विहिरीला उरतच नाही काही. मग बाप, त्याची तोंडाळ मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारा मेकॅनिक, असली न जुळणारी माणसं मिळून सगळ्या यंत्रणेला फेस आणतात. कुठेही भाषण नाही, मारामारी नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बसून बघावा असा.

आणि त्यात एक इंजिनिअर आहे. रवी किशनने केलाय. सिव्हिलचा! तो पडद्यावर आला की आमच्या ब्रँचची पोरं शिट्ट्या मारत होती, "आला रे आपला सीनिअर!" मीही मारली.

पिक्चर संपला, लाईट लागले. काका यावेळी फारसे हसले नव्हते. गाद्या गोळा करणाऱ्या पोरांना त्यांनी अगदी सहज विचारलं,

"का रं पोरांनो, त्यो इंजिनेर कुठल्या कॉलेजात शिकला आसंल?"

कोणीच काही बोललं नाही. एकाने "काका, तो पिक्चरमधला आहे" असं सांगायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "तसं न्हाई. कुठंतरी शिकलाच आसंल ना? त्याचं बी हॉस्टेल आसंल. त्यो बी आसाच हसत आसंल पिक्चर बघताना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. याचं कारण मी पार्टनरलाही सांगितलं नव्हतं. आता छापूनच येतंय तर सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात आमचा सर्व्हे कॅम्प संपला होता. लेव्हलिंगचा लूप घ्यायचा होता, जवळजवळ एक किलोमीटरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका ठरावीक बिंदूपासून उंची मोजत मोजत निघायचं आणि फिरून त्याच बिंदूवर यायचं. परत आल्यावर तीच उंची मिळायला हवी. मिळत नाही, थोडी चूक राहतेच. साधारण कामाला किलोमीटरमागे २५ मिलिमीटरच्या आसपास चूक चालवून घेतात. आमची आली ४१. ऊन मरणाचं, सगळे भुकेने कासावीस, ट्रायपॉड उचलायला कोणी तयार नाही. मग मी झाडाखाली बसलो आणि दोन रीडिंग "नीट" केली. चूक झाली ९ मिलिमीटर. अगदी शून्य केली तर सरांना संशय येतो, एवढी अक्कल मला होती! ग्रुपने मला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून माझं नावच पडलं 'रीडिंगसम्राट'. जर्नल असो, क्यूब टेस्ट असो, कोणाचा ग्राफ सरळ येत नसेल तर पोरं माझ्याकडे यायची.

आता सांगा, तो इंजिनिअर कुठल्या कॉलेजात शिकला असेल?

दुसऱ्या दिवशी रविवार. मेसची फीस्ट हाणून आम्ही दोघं गेटवर गेलो. पार्टनरने विचारलं, "काका, तुम्ही काल गप्प का झालात?" काकांनी तंबाखू मळत मळत सांगितलं. त्यांचं गाव सिन्नरच्या पूर्वेकडचं. घाटाकडे पाऊस धो धो, आणि या बाजूला ढग नुसते हात दाखवून जातात. २०११ साली त्यांना सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली होती.

"मग? चोरीला गेली?" पार्टनर हसत म्हणाला.

"सगळी न्हाई," काका म्हणाले. "खालची तेवढी गेली."

म्हणजे विहीर खणली गेली. पण काळा पाषाण लागला आणि काम थांबलं. सुरुंग लावायला पैसे नाहीत, शेवटचा हप्ता अडकलेला. मोजायला आलेला माणूस म्हणाला, सही करा, पूर्ण झाली म्हणून लिहितो, हप्ता सुटेल, मग खणा. काकांनी सही केली. हप्ता सुटला, त्यातला निम्म्याहून जास्त वाटेतच जिरला. विहिरीला पाणी आलं ते संक्रांतीपर्यंत पुरेल एवढं. दोन-चार वर्षं ओढाताण केली, मग काका नाशकात आले आणि आमच्या गेटवर बसले.

मी सिव्हिलवाला, म्हणून जरा ज्ञान पाजळलं. विहीर असो की पूल, झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत चढतात. आपण ज्याला एम. बी. म्हणतो ती. पानांना नंबर असतात, खोडरबर चालत नाही. चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करायची. बिल निघतं ते त्या मापांवर. साईटवर काय आहे यापेक्षा एम. बी. मध्ये काय आहे याला जास्त वजन! पार्टनर शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे हा डेटा कुठेतरी आहे. मग मागवू या की!"

माहितीचा अधिकार हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं प्रकरण आहे असंच मला वाटायचं. पण हा कायदा आपल्या महाराष्ट्रात देशाच्या आधी आला. अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा झाला, केंद्राचा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ पासून. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्ज काकांच्या नावाने. अक्षर माझं, ड्राफ्ट पार्टनरचा, स्टॅम्पचे दहा रुपये काकांचे. आम्ही देतो म्हटलं तर ऐकेनात. "माझी विहीर हाय, तर दहा रुपये बी माझेच."

सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं! पानाला दोन रुपये भरून नकला मिळाल्या. एका पानावर स्वच्छ, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: व्यास ६ मीटर, खोली १२ मीटर. खाली सही. खोटं एवढ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. (माझ्या लेव्हल बुकातलं अक्षरही त्या दिवशी फार छान आलं होतं, ही आठवण तेव्हाच झाली.)

मग एका रविवारी आम्ही तिघं निघालो. एसटीने सिन्नर, पुढे काळीपिवळी, पुढे पायी. लॅब असिस्टंट मामांकडून तीस मीटरचा टेप मागून घेतला होता. "हरवला तर टर्मवर्क विसरा" या अटीवर! डोंबिवलीकर पार्टनर ढेकळांतून कॅनव्हासचे बूट सांभाळत चाललेला, काका चप्पल हातात घेऊन पुढे. गावातल्या चार पोरांना वाटलं आम्ही सरकारी साहेब. एका आजींनी तर पार्टनरला घरकुलाचा हप्ता कधी येणार म्हणून विचारलं. तो एवढा लाजला की "आजी, मी कॉम्प्युटरचा आहे," एवढंच म्हणाला.

फेब्रुवारीचा शेवट होता. विहिरीच्या तळाला घागरभर पाणी. टेपला हॉस्टेलच्या रूमचं कुलूप बांधून खाली सोडलं. ७.२ मीटर. पुन्हा सोडलं. ७.२. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूने. तेवढंच. मला शंका होती, वर्षांचा गाळ साचला असेल तर? उद्या कोणी हेच विचारेल. काका दोराला धरून खाली उतरले, पहार घेतली आणि तळावर आपटली. खणकन आवाज आला. गाळ नव्हता. तळाला अखंड काळा दगड होता.

बांधावर बसून मी हिशेब केला. सहा मीटर व्यासाचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर. राहिलेली खोली ४.८ मीटर. म्हणजे १३५.७ घनमीटर खोदाई झालीच नाही, पण बिलात आली. आणि तीही मुरुमाची नव्हे, सगळ्यात खालच्या, सगळ्यात महागड्या पाषाणाची! दहा हजार लिटरचे साडेतेरा टँकर मावतील एवढी हवा कोणीतरी सरकारला विकली होती. हा आकडा मी काकांना सांगितला. ते म्हणाले, "हवेचं न्हाई बाळा. माझ्या उन्हाळ्याचं बिल हाय ते."

परत आल्यावर तक्रारअर्ज लिहायला बसलो. पार्टनरने पिक्चरच्या स्टाईलने सुरुवात केली: "महोदय, माझ्या विहिरीचा तळाकडील ४.८ मीटर लांबीचा भाग अज्ञात इसमांनी चोरून नेला असून..." आम्ही तिघंही खो खो हसलो. मेसचे मावशी-मामाही ऐकायला येऊन उभे राहिले. मग मी जरा गंभीर होऊन सांगितलं, "काका, एक अडचण आहे. विहीर पूर्ण झाली या कागदावर सही तुमची पण आहे. चौकशी झाली तर तुम्हालाही विचारतील."

पिक्चरमध्ये हीच गंमत असते. सगळे कागद पक्के असतात म्हणूनच "चोरी" खरी ठरते, आणि साधा माणूस वर "बघा, तुमचेच शिक्के" म्हणायला मोकळा! खऱ्या आयुष्यात त्या कागदावर साध्या माणसाचीही सही असते. हे कुठल्या कॉमेडीत फारसं येत नाही. आलं तर हसू येणार नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं आता अर्ज घडी करून खिशात जाणार. मी तर तशी वाटच काढून ठेवली होती, ते वाक्य गाळून टाकू, निरक्षर होतो म्हणून सांगू वगैरे. पुन्हा 'रीडिंगसम्राट'! काका म्हणाले,

"न्हाई. लिव्ह. माझी सही बी खोटी व्हती म्हून लिव्ह. हप्ता सुटावा म्हून केली. ते आधी लिव्ह, मग बाकीचं."

मी लिहिलं. मित्रांनो, तीन वर्षांत शेकडो पानं जर्नल लिहिलं, पण ते एक वाक्य लिहिताना हात जड झाला होता.

अर्ज दिला. पोच घेतली. त्यानंतर एक पत्र आलं, की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. आजपर्यंत एवढंच. पिक्चर असता तर एव्हाना बँड वाजला असता! काकांनी पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेटच्या रजिस्टरमध्ये ठेवलीय. नाईट आऊटची एंट्री करायला रजिस्टर उघडलं की ती दिसते.

सोमवारी मी सर्व्हेइंगच्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. पाय कापत होते, खोटं नाही सांगत. म्हटलं, "सर, आमच्या ग्रुपचा लूप ९ मिलिमीटरला बंद झालेला नाही. ४१ ला झालाय. रीडिंग मी बदलली." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता टर्मवर्क गेलं. सर एवढंच म्हणाले, "४१ का आलं ते शोधलंस का?" मी म्हटलं, "नाही सर." "मग अजून तू काहीच शिकला नाहीस. रविवारी परत घ्या."

ग्रुपमधल्या पोरांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या या मासिकात छापता येणार नाहीत! 'रीडिंगसम्राट' ही पदवी त्याच दिवशी परत घेण्यात आली. पण रविवारी सगळे आले. पहाटे सहाला, थंडीत, कुडकुडत. तिसऱ्या सेटअपला कळलं, की एका चेंज पॉईंटला स्टाफ मऊ मातीत धरला होता आणि तो खाली खचत होता. एवढीशी गोष्ट! दगडावर धरून पुन्हा घेतलं. चूक आली १४ मिलिमीटर. खरी १४. पार्टनरचा काही संबंध नसताना तोही आला होता, वडापाव घेऊन. ९ पेक्षा १४ वर आम्ही एवढे का नाचतोय हे त्याला काही केल्या समजेना.

आपण नाशिकचे लोक पिक्चरच्या बाबतीत तसे थेट घराण्यातले. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली. गेले ते नाशकातच, १९४४ साली. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात आपण सगळे बंक मारून फिरायला गेलेलो आहोत. त्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो कोणावर? राजा हरिश्चंद्रावर. स्मारकात चार-पाच वेळा गेलो, सेल्फी काढले, पण ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती, की आपला सिनेमा सुरू झाला तोच मुळी खरं बोलणाऱ्या माणसापासून. शंभर वर्षांत तो चोरीला गेलेल्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचला, यात दोष सिनेमाचा नक्कीच नाही!

अजून दीड वर्षाने आम्ही पास आऊट होऊ. कोणी कंपनीत जाईल, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन शाखा अभियंता होईल, हातात एम. बी. येईल. कुठल्या तरी गावात कोणीतरी आपल्याला साहेब म्हणेल, उन्हात उभं करेल आणि म्हणेल, साहेब, एवढं लिहून टाका ना. तेव्हा काय होईल, हे आत्ता छातीठोकपणे सांगणारा खोटारडा. मीही सांगणार नाही. झाडाखाली बसून दोन आकडे बदलायला मला किती कमी वेळ लागला होता हे मला चांगलं आठवतं.

काल रात्री लायब्ररीतून उशिरा आलो. गेट उघडताना काकांनी विचारलं, "काय इंजिनेर, आज कुठला पिक्चर?"

म्हटलं, "तुम्ही सांगा काका."

"विनोदीच लावा," ते म्हणाले. "पन त्यात विहीर नको."